फोकची बारा मरणं

"पोटात कळ येतेय," म्हातारा फोक सकाळपासून सहाव्यांदा म्हणाला.

"येऊ दे. म्युझियमचा संडास आपल्यापेक्षा स्वच्छ आहे," साउ-लान म्हणाली आणि तिने लिपस्टिक लावली.

दुखणं पोटात नव्हतं, शेहेचाळीस वर्षांपूर्वीच्या थापेत होतं. लग्नाआधी साउ-लानला गटवताना फोकने सांगितलं होतं, की 'आठ खिंडींचा राक्षस' या मारामारीच्या पिक्चरमधला खलनायक लालदाढ्या म्हणजे आपणच. दाढी इतकी घनदाट, की आत कोण आहे हे फक्त दाढीला ठाऊक. त्या भरवशावर लग्न झालं, दोन मुली झाल्या, आणि कौलूनच्या बाजारात 'लालदाढ्याची बायको' म्हणून साउ-लानला ताजा मासा सगळ्यांच्या आधी मिळू लागला. आता म्युझियमवाल्यांना पिक्चरची मूळ रिळं सापडली होती. त्यांनी ती धुऊनपुसून लख्ख केली होती, आणि साउ-लानने माहजाँगच्या डावातल्या तिन्ही मैत्रिणींचीही तिकिटं काढली होती.

हॉल तरुण पोरांनी भरलेला. घासून पांढऱ्या झालेल्या कॅसेटींवर या पिक्चरची पारायणं केलेली ही जमात.

चौथ्या मिनिटाला एका भातवाल्याच्या छातीत भाला घुसला. तो गरगरला आणि तीन टेबलं मोडून पडला.

"एक!" अख्खा हॉल ओरडला.

"अगं, हा तुझ्या नवऱ्यासारखाच दिसतो," मैत्रिणींतली मिसेस क्वान कुजबुजली.

"तेव्हा सगळेच असे दिसायचे," फोक घाईघाईने म्हणाला.

नवव्या मिनिटाला तोच भातवाला मिशी लावून पहारेकरी झाला आणि छपरावरून पडला. "दोन!" मग तो भिक्षू होऊन विहिरीत गेला. "तीन!" त्या काळी पिक्चर असेच निघायचे: माणसं मोजकी, मिशा भरपूर. फोक खुर्चीत घसरत घसरत इतका खाली गेला, की मागच्याला ती खुर्ची रिकामी वाटली आणि त्याने तिच्यावर कोट ठेवला.

सातव्या मरणाला खुद्द लालदाढ्या आला. त्याने फोकच्या पोटात तलवार खुपसली. दोघे एकाच वेळी पडद्यावर, भावाभावांसारखे बिलगून.

साउ-लानने शेजारचा कोट उचलला. "तू तुलाच भोसकलंस?"

"माणसं कमी होती गं..."

"म्हाताऱ्या!"

पडद्यावर फोक आणखी चार वेळा मेला, एकूण अकरा; दिवे लागले, साउ-लान पर्स घेऊन उठली. "मुलींना फोन करते. बाप कोण ते कळू दे त्यांना तरी."

"साउ-लान, ऐक..." फोक उभा राहिला आणि तिथेच फसला.

"मरणारे काका!" मागचा पोरगा किंचाळला. पुढच्या क्षणी फोक चार खांद्यांवरून स्टेजवर पोचला. "बारा! बारा!" हॉल गर्जत होता.

साउ-लान दाराशी थांबली होती. फोकने तिच्याकडे पाहिलं, आणि कुठून तरी आलेला न दिसणारा भाला छातीवर घेतला. तो दोनदा गरगरला, गुडघ्यावर आला, एक हात बायकोच्या दिशेने लांबवला आणि असा पडला, की टाळ्या वाजवायलाही कुणाला धीर होईना.

शूटिंगमध्ये खोटं मरणाऱ्याला अपशकुन फेडायला पैशांचं लाल पाकीट देतात. चिनी नवं वर्ष नुकतंच लागलेलं, तेव्हा वाटतात तसलं पाकीट प्रत्येकाच्या खिशात होतंच. पोरं रांगेने येऊन ती फोकच्या छातीवर ठेवू लागली. तेवढ्यात नवा वॉचमन डोकावला. निपचित म्हातारा, छातीवर ढीग, भोवती माना खाली घातलेली गर्दी. त्याने ॲम्ब्युलन्स बोलावली.

"अहो, मी ॲक्टिंग करत होतो!" फोक स्ट्रेचरवरून ओरडला.

"पडून राहा, काका. सगळे असंच म्हणतात," त्याला पट्ट्याने बांधणारा ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला.

साउ-लान जवळ आली. "कपाटात अकरा रिकामी लाल पाकिटं जपून ठेवलीयस, ती..."

"दर मरणाचं एक."

"आणि तो लालदाढ्या किती वेळा मेला?"

"एकदाच."

"हं. आळशी मेला." तिने त्याच्या छातीवरची पाकिटं नीट लावली. "विहिरीत खरंच उडी मारलीस?"

"पाणी नव्हतं."

ॲम्ब्युलन्सवाल्याने फॉर्म काढला. "पेशंटचा धंदा काय?"

"लाल..." मिसेस क्वानने तोंड उघडलं. साउ-लानने तिला कोपराने ढकललं.

"मरणं," ती म्हणाली, आणि मान ताठ करून ॲम्ब्युलन्समध्ये चढली.