एका लाइनीवर अख्खा मोहल्ला

मॅचच्या दिवशी डोमाभाऊ मोहल्ल्यातल्या बायकांना स्वखर्चाने जीप करून जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला पाठवायचे. पांढुर्ण्यात नवीन आलेल्या माणसाला ते मोठे भाविक वाटत. खरं म्हणजे डोमाभाऊ आमचे इंटरनेटवाले. नवऱ्यांनी मॅच लावली, बायकांनी मालिका लावल्या, की त्यांची लाइन मान टाकायची. मारुतीशी त्यांचा संबंध तेवढाच.

कारण वीस घरांना जेमतेम पुरेल एवढी लाइन त्यांनी शंभर घरांना विकली होती. मी हे तोंडावर बोललो, तर म्हणाले, "मास्तर, सारे एकाच टायमाले जेवाले बसतेत काय? पंगती करून वाढून राहिलो मी."

संत्र्याच्या तोडीला माणसं वाडीत गेली, की यांचा चेहरा फुलायचा. कुणी लग्नाला गावी निघालं, तर "रहा ना चांगले आठ दिवस" असा आग्रह हेच करायचे. तक्रार केली की मात्र स्वतः यायचे, वायर हलवायचे, "नागपूरहूनच हळू येऊन राहिलं" म्हणायचे आणि तासभर गप्पा मारत बसायचे.

मग सौंसरचा एक नेटवाला आमच्या खांबांवर वायर ओढू लागला. अर्धा मोहल्ला फुटायला आला. डोमाभाऊंनी मुकाट्याने मोठी लाइन घेतली. "नफा गेला खड्ड्यात, घरं नाही गेली पाहिजे," म्हणाले. आम्हाला ती धंद्याची भाषा वाटली.

नेट सुसाट झालं. जीप बंद झाली म्हणून बायका तेवढ्या नाराज.

परवा दुपारी नेट गेलं. मी फोन उचलायच्या आत डोमाभाऊ स्क्रू पिळायचा पेचकस घेऊन दारात हजर. मी विचारलं,

"लाइन तुम्हीच बंद केली काय?"

ते वायरकडे पाहत म्हणाले, "आता कोणाचा फोनच येत नाही, मास्तर. तुमची वहिनी गेल्यापासून घरी बोलाले कोणी नाही. पहिले निदान शिव्या द्याले तरी बोलवत होते."

मला राग यायला हवा होता. पण फार वाईट वाटलं.

"बाकीच्यायची पण बंद केली?"

"नाही. त्यायची उद्या."

"राहू द्या त्यायची. रोज सांजच्याला इकडंच येत जा."

डोमाभाऊंनी पेचकस खिशात घातला. "मंग नेट चालू करून येऊ?"

"बसा पहिले," मी म्हटलं.