ठवकरांच्या चार कळा

वेळ: मारबत निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. स्थळ: नागपूरच्या सदर भागातलं आमचं कार्यालय. हजर: मी, लेखा विभागाचे गावंडे आणि आमचे टंकलेखक ठवकर. शिवाय ठवकरांचा कीबोर्ड, सुटा केलेला, कळा वर्तमानपत्रावर वाळत घातलेल्या.

कार्यालय कामासाठी असतं, वाळवणासाठी नसतं. हे मी ठवकरांना तोंडी सांगून झालं, लेखी देऊन झालं. गच्चीवर वाळवा म्हटलं तर म्हणतात, "कावया नेते ना जी." ठवकरांच्या तोंडात ळ टिकत नाही. कागदावर मात्र त्यांचा एकही ळ चुकत नाही, हे नाइलाजाने मान्य करते.

कार्यालयाने दिलेला सपाट, मुका कीबोर्ड त्यांनी कपाटात टाकला आहे. स्वतःचा आणतात. उमरेडहून, एसटीत, मांडीवर, टॉवेलात गुंडाळून, बाळंतिणीने बाळ आणावं तसा. त्याच्या प्रत्येक कळेखाली वेगळा खटका आहे आणि प्रत्येक खटका वाजतो. गावंडेंना फोन करणारे लोक विचारतात, नागपुरात गारा पडून राहिल्या का.

आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी त्याचं स्नान असतं. चिमट्याने एकेक कळ उपटायची, चहाच्या गाळणीत घालून शाम्पूने धुवायची. गाळणी कार्यालयाची, याची नोंद असावी. मग दाढीच्या ब्रशाने खटक्यांमधली धूळ काढायची, कडेकोपऱ्यातून स्पिरिटचा बोळा फिरवायचा, आणि हे चालू असताना आम्हाला ऐकवायचं, "वरून कसाबी असो, आतून साफ पाह्यजे." एकदा गावंडे म्हणाले, "ठवकर, सोता तरी इतकी घासून आंघोय करता का गा?" ठवकरांनी त्यांच्या टेबलाखालचा कचरा फक्त नजरेने दाखवला.

एकदा एक कळ हरवली. सगळं कार्यालय ओणवं झालं. शेवटी ती माझ्या पोह्यांच्या तर्रीत सापडली. डिलीटची होती. मी संतापून उठले तर ठवकर ती पुसत म्हणाले, "वाचली बिचारी. डिलीटच डिलीट होऊन राहिली होती."

आदल्या दिवशी अख्खं नागपूर 'घेऊन जा गे मारबत' म्हणत इडापिडा गावाबाहेर घालवत होतं. गर्दीत मला हा कीबोर्डच आठवला. त्यामुळे त्या सकाळी मी आदेश टाइप करूनच आणला होता: 'कार्यालयात आवाज करणारे कळफलक वापरू नयेत. ही टकटक तात्काळ बंद करावी.' सह्या तिघांच्या. गावंडेंनी झटक्यात केली. ठवकरांनी चष्मा लावला.

"कयफलक म्हनजे कीबोर्डच ना?"

मी म्हटलं, कीबोर्डच. आणि वाळत घातलेल्या कळांकडे बोट दाखवून आणखी एक गोष्ट सुनावली. आतून साफ पाहिजे म्हणणाऱ्या माणसाच्या कीबोर्डात चार कळा तशाच बसवलेल्या होत्या. डब्ल्यू, ए, एस, डी. अक्षरं झिजून गेलेली, वर मळाचा तेलकट थर. मराठी टंकलेखन करणाऱ्याच्या नेमक्या याच चार कशा झिजतात? आणि सगळ्या धुता, मग याच का नाही?

ठवकरांनी कागद खाली ठेवला.

"त्या माह्या हातानं नाई झिजल्या, मॅडम. पोराच्या हायेत. त्याचा गेमातला मानूस याच चार कयांनी चाले. रातभर खेये." मग आदेशाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हेच वाक्य मी त्याले म्हनलो होतो. ही टकटक बंद कर, नाईतर चालता हो. पोरगं गुनाचं. दोन्ही ऐकलं."



"पुन्याले हाय आता. दोन दिवाया झाल्या. हा कीबोर्ड टेबलावरच ठेवून गेला. घर असं चूप झालं ना जी... म्हनून इथं आनून वाजवून राहिलो."

गावंडेंचा फोन वाजत होता. त्यांनी उचलला नाही.

त्या धुतल्या तर मुलाची बोटं पुसली जातील, एवढंच कारण होतं. मला एकदम माझाच शब्द टोचला. कीबोर्डाच्या बटणाला कळ म्हणायचा आग्रह या कार्यालयात माझा. ती दुसरी कळ, आतून येणारी, मी कधी लक्षात घेतली नव्हती.

पण मी व्यवहारी बाई आहे. रडून काम होत नाही. मी विचारलं, फोन का करत नाही?

"करतो जी. या कया वायू द्या."

त्या गोष्टीला बराच काळ लोटला. आदेश फाडला, गाळणी नवी आणली, गारा रोज पडतात. माझ्या कामांच्या यादीतली 'टकटक बंद करणे' ही ओळ खोडून मी तिथे 'ठवकर: पुण्याला फोन' असं लिहिलं आहे. दर आठवड्याला विचारते. दर आठवड्याला कळा वाळत असतात.

त्या ओळीपुढे अजून बरोबरची खूण झालेली नाही.