बोकारेकाका निघतात

'येतो, आज्ञा असावी' असं म्हटल्याशिवाय बोकारेकाका कुठूनही निघत नाहीत, आणि समोरच्याने 'या' म्हटल्याशिवाय हलत नाहीत. बसमधून उतरताना ते ड्रायव्हरचीही इंग्रजीत परवानगी घेतात. मागे रांग खोळंबते. एकदा दाताच्या डॉक्टरांनी तोंड बधिर केलं, तर बोलता येईपर्यंत तिथेच बसून राहिले!

मुलांनो, हे आमचे इकडे परदेशात, कनाटा गावातले शेजारी. मूळचे नागपूरचे, इथे एकटेच. टेलिकॉम कंपनीत इंजिनियर होते. मंदी आली आणि साहेबाने तोंडी सांगितलं, "शुक्रवार तुमचा शेवटचा दिवस." दुसरा कोणी असता तर खोक्यात आपला कप भरून निघाला असता. काकांनी रीतसर राजीनामा लिहून दिला, आभारासकट.

झालं! नोकरी स्वतःहून सोडली म्हणून त्यांचा बेकारभत्ता नाकारला गेला.

"अहो, काढलं ना तुम्हाला? मग राजीनामा कशाला?" मी कपाळावर हात मारला.

"इतकी वर्षं त्यांचं मीठ खाल्लं, वहिनी. न विचारता कसं निघून जायचं जी?"

नवी नोकरी मिळेना. भत्ता नाही तर घर सोडून नागपूरला परतायचं, असं ठरत आलं. शेवटी अपील केलं. सुनावणीला मी सोबत गेले. समोर अपील मंडळाचे तीन सदस्य. मधल्या बाईंनी राजीनामा वाचून चष्म्यावरून पाहिलं.

"हा तुम्हीच लिहिलात?"

"हो. बरा झालाय ना?"

मी त्यांची बाही ओढली आणि त्यांची सवय जमेल तशी समजावून सांगितली. बाईंना काही पटलेलं दिसेना. निकाल पोस्टाने येईल, म्हणाल्या.

काका दारापर्यंत गेले आणि वळून उभे राहिले. "मॅडम, मे आय टेक युवर लीव्ह?"

बाईंचं डोकं कागदांत. काका हलेनात. पुढचा अर्जदार दारात अडकला. अखेर बाईंनी वर पाहिलं, काकांकडे. मग पुन्हा राजीनाम्याकडे. आणि त्यांना हसू फुटलं.

"यस, मिस्टर बोकारे. यू मे गो."

निकाल काकांच्या बाजूने लागला. आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तुमच्या आजोबांनी त्यांना श्रीखंडाचा आग्रह करकरून जेवू घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचा आमच्याकडे विसरलेला मफलर द्यायला गेले. काका नोकरी शोधायला निघाले होते, अर्धवट उघड्या दारात, माझ्याकडे पाठ करून.

"येतो, आज्ञा असावी," ते रिकाम्या घराला म्हणाले आणि थांबले.

मी मागून म्हटलं, "या."

मग त्यांनी दार ओढून घेतलं.