चार वाजताचा धूर

डोंगर, झाडे आणि पाणी देवाने निर्माण केले यात शंका नाही. मात्र ते दिवाणखान्याच्या खिडकीतून नीट दिसते की नाही, हे पाहण्याचे काम त्याने इंग्लंडातल्या सरदारांवर सोपवले आहे. लॉर्ड हॅदरकोट ते निष्ठेने करीत. त्यांच्याकडे अकरा हजार एकर जमीन आणि तीन हवेल्या होत्या (पैकी दोन, ते तिथे राहत नसल्याने, स्वच्छ). नदी नजरेच्या आड येत होती, ती त्यांनी वळवली. गाव येत होते, तेही वळवले; सत्तावीस घरे टेकडीपलीकडे गेली.

एकच खोपटे राहिले, विधवा हेस्टर पिमचे. हिरवळीच्या त्या टोकाला थोडी गरिबी हवी, असे बाग आखणाऱ्या तज्ज्ञांचे मत पडले. हेस्टरची चार मुले त्याच खोलीत जन्मली होती आणि तीन तिथेच गेली होती. तिला दुसरीकडे मरायचे नव्हते, एवढाच तिचा हट्ट.

अट सोपी होती. चारला पाहुणे हवेलीच्या गच्चीवर आले की धुराड्यातून बारीक, निळसर धूर निघावा. धूर नाही तर घर नाही. रानातली पडकी काटकीसुद्धा लॉर्डसाहेबांची, उचलणाऱ्याला तुरुंग. (दोन्ही हुकूम एकाच सकाळी निघाले. अक्षर फार सुंदर होते.)

"कालचा धूर काळा होता, हेस्टर," कारभारी ट्रॅगेट म्हणाले. "लेडीसाहेबांना सुतकी वाटला."

"खुर्ची जाळली, साहेब. तिला रंग होता."

"मग बिनरंगाचं जाळ."

"बिनरंगाची आता मीच उरलेय."

"तुझी जीभ तेवढी ओली आहे!"

"म्हणून तर ती पेटत नाही. एखादी काटकी द्या ना, साहेब."

"काटकी दिली तर चोरी आणि मेहेरबानी यांत फरक काय राहील?"

हेस्टरला हे पटले असावे. तिने पाळणा जाळला, मग पेटी, खाट, नवऱ्याचे लाकडी बूट. दार जाळले तेव्हा गच्चीवर कौतुक झाले: "दार सताड उघडं! किती विश्वासाने राहतात लोक!" थंडीत तिने एकेक वासा काढला. मार्चमध्ये छप्पर खाली बसले.

तज्ज्ञ धावत आले. बागेच्या शोभेसाठी असे पडके घर मुद्दाम बांधून घ्यायला इतर सरदारांना दोन वर्षे लागतात, असे ते भारावून म्हणाले. घर कायमचे जपायचे ठरले. फक्त पडक्या घरात माणूस शोभत नाही.

"साहेब, छप्पर तर तुमच्या धुरापायीच जाळलं," हेस्टर ट्रॅगेटना म्हणाली.

"म्हणून तर लॉर्डसाहेब खूश आहेत. तुझे आभार मानायला सांगितलंय. संध्याकाळपर्यंत नीघ."

ती निघाली. भिंतींवर वेल चढवायची ठरली. जाई की गुलाब, यावर हवेलीत आठवडाभर चर्चा झाली. हेस्टर कुठे गेली, हे पाहुण्यांपैकी कोणीही विचारले नाही. आपणही, खरे सांगा, आत्ता क्षणभर गुलाबच बरा असे ठरवून मोकळे झालात.