कार्ड क्रमांक एक

दुपारी सव्वा वाजता वाचनालयात अकराशे बेचाळीस वाचक होते आणि एक वाजून सोळा मिनिटांनी एकही नव्हता.

खरं तर वाचन-कक्षात तेव्हा तीन माणसं बसलेली होती. एक पेन्शनर वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते, एक जण पुस्तक छातीवर उपडं ठेवून झोपला होता आणि एक बाई सुनेशी भांडण झालं की येऊन बसतात तशा येऊन बसल्या होत्या. पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने वाचनालय साफ रिकामं झालं होतं. पडद्यावर 'एकूण वाचक' असं लिहिलं होतं आणि त्याच्यापुढे भलंमोठं, गोल गरगरीत शून्य.

"मी काही केलं नाही," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

छत्तीस वर्षं त्या या खुर्चीत बसत होत्या, आणि पुस्तक फाडून आणणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडून त्यांनी हेच वाक्य ऐकलं होतं. त्यामुळे ते आपल्या तोंडून बाहेर पडल्यावर त्या स्वतःच जराशा चपापल्या.

"मावशी, नक्की कशावर दाबलंस?" भाचीने विचारलं. ती डबा खात होती. घास हातातच राहिला.

"काढा असं लिहिलं होतं त्याच्यावर. त्याने विचारलं, खात्री आहे का? मी म्हटलं, आहे."

"काय काढलंस?"

"सुतारकाकांना." बाईंचा आवाज खाली आला. "दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. मुख्य कार्यालयाच्या पत्रात लिहिलंय ना, मयत वाचकांच्या नोंदी काढाव्यात. मी एकच नोंद काढली गं. एकच माणूस."

भाचीने डब्याला झाकण लावलं.

भाची वेब अ‍ॅप्लिकेशन बनवायच्या धंद्यात होती. मावशी पुढच्या महिन्यात निवृत्त होणार आणि वाचनालय कॉम्प्युटरवर आणल्याशिवाय वरचे लोक ते चालू ठेवणार नाहीत, हे कळल्यावर तिने आपली सगळी रजा इथे आणून ओतली होती. तीन महिने शिपाई शिडीवर बसून कार्डं मोठ्याने वाचत होता आणि ही टाइप करत होती. शिपायाला सगळे शिडीमामा म्हणत, कारण हाक मारली की त्याचं उत्तर नेहमी वरूनच यायचं. आणि आज चार वाजता तपासनीस मॅडम येणार होत्या. हजाराच्या वर वाचक दिसले तर वाचनालय राहणार, नाही तर कपाटांसकट शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या वाचनालयात जाणार होतं. तिथे जायला दोन बस बदलाव्या लागत. सुनेशी भांडून कोणी दोन बस बदलत नाही.

"एक माणूस काढला तर अकराशे कसे गेले?" शिडीमामाने वरून विचारलं.

"माझी चूक आहे, मामा," भाची म्हणाली. "हे बघा, प्रत्येक वाचकाला एक जामीन असतो, बरोबर? आधीचाच कुणीतरी वाचक. तर मी तक्त्यात प्रत्येक वाचक त्याच्या जामीनदाराला जोडला. ह्याला आमच्यात मॅपिंग म्हणतात. कोण कोणाचा, ते कॉम्प्युटरला समजावून सांगायचं. पत्रात होतं, जामीनदार नसलेला वाचक ग्राह्य नाही. म्हणून काल मी एक ओळ टाकली, की जामीनदाराची नोंद काढली तर त्याच्या जामिनावर आलेले वाचकही जातील."

"मग सुतारकाका गेले, तसे त्यांनी आणलेले गेले."

"आणि त्यांनी आणलेल्यांनी आणलेले गेले. त्यांनी आणलेलेही."

"मी?"

"तुम्ही पण."

शिडीमामा दोन पायऱ्या खाली उतरला. नसलेल्या माणसाने इतक्या उंचावर राहू नये असं त्याला वाटलं असावं.

"आणि मी?" बाईंनी विचारलं.

भाचीने शोधून पाहिलं. कार्ड क्रमांक दोन, ग्रंथपाल बाई. जामीन, कार्ड क्रमांक एक, सुतारकाका. बाईंनी आपल्याच हाताने स्वतःला काढून टाकलं होतं.

"घाबरू नकोस," भाची म्हणाली. "सगळी यादी माझ्याकडे जपून ठेवलेली आहे. पाच मिनिटांत परत भरते."

पाच मिनिटांत पडदा लाल झाला. प्रत्येक ओळीपुढे एक तक्रार होती. भाची वाचत गेली तशी तिची भिवई वर चढत गेली.

"कार्ड एक भरता येत नाही. का, तर त्याचा जामीनदार अस्तित्वात नाही. जामीनदार कोण, तर कार्ड दोन. बरं, कार्ड दोन भरता येत नाही. का, तर त्याचा जामीनदार अस्तित्वात नाही. तो कोण, तर कार्ड एक." तिने मान वर केली. "मावशी, तुला सुतारकाका जामीन आणि सुतारकाकांना तू जामीन? टाइप करताना मामांनी चुकीचं वाचलं का?"

"मी कशाला चुकीचं वाचीन?" शिडीमामा म्हणाला. "चष्मा बदललाय मी."

बाईंनी टेबलाचा खण उघडला, बंद केला, परत उघडला.

"चूक नाही ती," त्या शेवटी म्हणाल्या. "तशीच आहे."

छत्तीस वर्षं ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. वाचनालय उघडलं तेव्हा नियम असा आला होता, की जुन्या वाचकाच्या जामिनाशिवाय नवा वाचक करू नये. नियम करणाऱ्याने, नव्या वाचनालयात जुना वाचक कुठून येणार, याचा विचार केला नव्हता. बाई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. गावात नवीन, भाड्याची एक खोली, ओळखीचं कोणी नाही. कोऱ्या कार्डांचा गठ्ठा समोर ठेवून त्या रडकुंडीला आल्या होत्या. सुतारकाका कपाटाच्या शेवटच्या फळीला खिळे मारत होते. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, "काय अडलं, पोरी?" सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "एवढंच ना? तू माझ्यासाठी सही कर, मी तुझ्यासाठी करतो. काम झालं." बाई म्हणाल्या, "पण तुम्ही मला ओळखत नाही." त्यावर ते म्हणाले, "सकाळपासून बघतोय. फळी पुसल्याशिवाय त्यावर पुस्तक ठेवत नाहीस. अजून काय ओळखायचं असतं?"

"आणि त्यानंतर माणसं आणली ती त्यांनीच," बाई म्हणाल्या. "कुणाचं दार दुरुस्त करायला गेले की त्या घरातलं एक जण इकडे पाठवायचे. जामीन म्हणून सही करायला कायम तयार. स्वतः कधी वाचलं नाही फारसं. एकच पुस्तक न्यायचे, परत आणायचे, पुन्हा तेच न्यायचे. मला एकदा म्हणाले, एवढं पक्कं बांधलेलं पुस्तक दुसऱ्याच्या हातात द्यायला जीव होत नाही."

शिडीमामा आता पूर्ण खाली आला होता. "मला पण त्यांनीच आणलं," तो म्हणाला. "तेव्हा मला शिडीची भीती वाटायची. शिडी त्यांनीच बनवून दिली. म्हणाले, ही हलणार नाही, चढ."

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते. भाचीने डोळे पुसले, नाक ओढलं आणि बाह्या सरसावल्या.

जामीनदार हवाच, हा कडक नियम तिने आधी काढून टाकला. त्याबरोबर अकराशे बेचाळीसही जण निमूटपणे आत आले. शून्य पुसलं गेलं. शिडीमामाने टाळी वाजवली आणि झोपलेला वाचक जागा झाला. मग भाचीने वाचकांची यादी उघडली. पडद्याच्या मध्यावर एक छोटं वर्तुळ फिरू लागलं. फिरतच राहिलं.

"आता काय?"

"प्रत्येकाचा जामीनदार कोण, त्याचा कोण, असं मुळापर्यंत दाखवावं, असंही पत्रात होतं. तेही काल केलं मी, पण उघडून बघायचं राहिलं." भाचीने दुसरी खिडकी उघडली. त्यात भराभरा ओळी पळत होत्या. ग्रंथपाल बाई, सुतारकाका, ग्रंथपाल बाई, सुतारकाका, ग्रंथपाल बाई, सुतारकाका.

"हा काय खेळ लावलाय दोघांनी?" शिडीमामा म्हणाला.

"काका विचारतात, मला कोणी आणलं, तर मावशीने. मावशीला कोणी आणलं, तर काकांनी. काकांना कोणी? संपणार कसं? कॉम्प्युटरला मूळ सापडत नाही." भाचीने खुर्ची वळवली. "मावशी, दोघांतल्या एकाचा जामीनदार रिकामा ठेवावा लागेल. कुणीतरी एक असा हवा, ज्याच्या मागे कोणी नाही. मग तिथे येऊन थांबेल."

"मग माझा ठेव रिकामा."

"चालेल."

"नको, थांब." बाई उठल्या. कपाटापाशी जाऊन त्यांनी शेवटच्या फळीवरून बोट फिरवलं, धूळ आहे का पाहिलं. "ती सही नसती केली त्यांनी तर मी दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन घरी गेले असते. ती पुसायची नाही. माझी पूस. माझ्या सहीची त्यांना काय गरज होती? सगळं गाव ओळखत होतं त्यांना."

भाचीने कार्ड एकचा जामीनदार रिकामा केला. वर्तुळ थांबलं. यादी आली, एकाखाली एक, आणि प्रत्येक नावाच्या मागची वाट फिरत फिरत एकाच नावापाशी येऊन थांबली. मग भाचीने कालची ती घातकी ओळ काढली आणि तिथे उलटी ओळ टाकली. ज्याच्या जामिनावर कोणी आहे, त्याची नोंद निघणारच नाही. अशा वेळी पडद्यावर काय संदेश यावा हे तिला सुचेना. तो शिडीमामाने सांगितला.

बरोबर चार वाजता तपासनीस मॅडम आल्या. हातात छापील फॉर्म, फॉर्मवर रकाने आणि चेहऱ्यावर ते रकाने भरेपर्यंत पाणीसुद्धा न पिण्याचा निर्धार. त्यांनी वाचक मोजून घेतले. अकराशे बेचाळीस. एक रकाना भरला.

"जामीनदार नसलेले वाचक?" मॅडमनी विचारलं.

"एक," भाची अगदी हळू म्हणाली.

"एक कसा? कार्ड क्रमांक एक. जामीनदार रिकामा. आणि पुढे लिहिलंय मयत." मॅडमनी चष्मा वर सरकवला. "मयत नोंदी काढायला सांगितल्या होत्या. ही काढली की दोन्ही प्रश्न मिटले." आणि त्यांनी स्वतःच माऊस हातात घेऊन काढा या शब्दावर दाबलं.

शिडीमामा शिडी धरून उभा राहिला. कॉम्प्युटरने विचारलं, खात्री आहे का? मॅडमना प्रत्येक गोष्टीची खात्री असे.

पडद्यावर अक्षरं उमटली. 'या माणसाच्या शब्दावर इथे अकराशे एकेचाळीस जण उभे आहेत. याला काढता येणार नाही.'

मॅडमनी ते दोनदा वाचलं. "कोण होते हे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. बाईंनी कोरी कार्डं, कानावरची पेन्सिल, एकमेकांच्या सह्या, सगळं सांगून टाकलं. "नियमाबाहेरचं होतं ते," त्या म्हणाल्या. "काय कारवाई करायची ती माझ्यावर करा. वाचनालयावर नको."

मॅडमनी फॉर्म पुन्हा वरपासून खालपर्यंत तपासला. त्यांना कधी कोणी गहिवरलेलं पाहिलं नव्हतं आणि त्या दिवशीही त्या गहिवरल्या नाहीत. "जे झालं ते झालं. पण रिकामा रकाना मला चालत नाही," त्या म्हणाल्या. "आयुष्यात सोडलेला नाही मी एकही. या गृहस्थांना जामीनदार पाहिजे."

"पण ते तर..."

"सही करताना जामीनदार हयात पाहिजे, असा नियम आहे. वाचक हयात पाहिजे, असा कुठे आहे?" हे म्हणणं मयत नोंदींच्या नियमाच्या विरुद्ध जात होतं, हे त्यांच्या लक्षात आलं असेल, पण त्या बोलल्या नाहीत. "मी राहते जामीन. मला वाचक करून घ्या."

"तुम्हाला जामीन?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही राहा. तुम्ही मला ओळखत नाही, पण..." मॅडमनी चष्मा पुसायला घेतला.

"चार म्हणजे चारला आलात," बाई म्हणाल्या. "अजून काय ओळखायचं असतं?"

भाचीने कार्ड अकराशे त्रेचाळीस केलं. तपासनीस मॅडम, जामीन ग्रंथपाल बाई. मग मॅडमनी स्वतः कार्ड एक उघडलं आणि जामीनदाराच्या रकान्यात आपला क्रमांक भरू लागल्या. भाचीच्या डोक्यात दिवा लागला. काकांच्या मागे मॅडम, मॅडमच्या मागे मावशी, मावशीच्या मागे काका.

"मॅडम, एक मिनिट, त्याने काय होईल..."

बाईंनी टेबलाखालून तिचा हात दाबला.

मॅडमनी जतन करा दाबलं. फॉर्मवर लिहिलं, वाचक अकराशे त्रेचाळीस, रिकामे रकाने शून्य, वाचनालय चालू ठेवावे. सही केली, तारीख टाकली, शिक्का मारला. मग शिडीमामाने पुढे केलेला पाण्याचा पेला एका दमात रिकामा केला.

"आता ती यादी दाखवा बघू एकदा. माझं नाव कुठे आलं?"

भाचीने नाइलाजाने यादी उघडली. पडद्याच्या मध्यावर छोटं वर्तुळ आलं आणि फिरू लागलं. फिरतच राहिलं.

"हे काय चाललंय?" मॅडमनी विचारलं.

भाची कीबोर्ड पुढे ओढून पुन्हा कामाला लागली होती. बाई त्या वर्तुळाकडे बघत होत्या. छत्तीस वर्षांत सुतारकाकांचे आभार मानायचे राहूनच गेले, असं त्यांना दुपारपासून वाटत होतं.

"काही नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "आत एकमेकांचे आभार मानणं चाललंय. वेळ लागेल जरा. बसा तुम्ही."