दोन वेळच्या जेवणावर गडी

अखिल भारतीय हुतूतूचे सामने पनवेलला कुणी आणले असं कुणी विचारलं, तर बेधडक माझं नाव सांगा. कमळाकर, मुक्काम पनवेल! मुंबईवाले जागेसाठी भांडत होते, पुणेवाले अजून विचार करत होते, आणि मी बैठकीत टेबलावर थाप मारून म्हणालो, "आमच्याकडे करा!" थाप अशी बसली की अध्यक्षांच्या बशीतला चहा त्यांच्या धोतरावर गेला. धोतर झटकता झटकता त्यांनी मान हलवली. तीच मी मंजुरी समजलो.

पनवेलला एस.टी. नवी होती आणि लोक ती नुसती सुटताना बघायला जात, त्या काळची ही गोष्ट.

मारुतीच्या देवळात सभा भरली. मी बातमी सांगितली. टाळ्यांनी देवळातली कबुतरं उडाली! कबुतरं परत खाली बसेपर्यंत लोकांचा सूर बदललेला.

"पनवेलचं नाव हिंदुस्थानभर दुमदुमेल!"

"दुमदुमू दे की. पण मांडव कोण घालणार?"

"मांडवाचं सोडा. ते पैलवानासारखे गडी! एकेक जण टोपभर भात खाईल!"

"त्यापेक्षा आधी गटारं उपसा म्हणावं."

"उपसा, पण सामने रद्द नका हं करू! माझे मेहुणे मुद्दाम बघायला यायचेत!"

थोडक्यात, सामने सगळ्यांना हवे होते. फक्त खर्च पलीकडच्या आळीने करावा, एवढीच प्रत्येक आळीची माफक अपेक्षा होती.

मी छाती काढून म्हणालो, "गावाला काडीचा खर्च पडणार नाही! लोक हौसेने गडी आपापल्या घरी उतरवून घेतील!"

तेव्हा दयारामशेट उठले. तांदळाचे मोठे व्यापारी. त्यांच्या वखारीतले उंदीरसुद्धा कण्यांना तोंड लावत नसत, इतका माल! पण घरी पाहुणा आला की शेटजींना हटकून उपास असे.

"मी ठराव मांडतो," शेटजी म्हणाले. "गडी उतरायला घरं मिळाली नाहीत, किंवा सामने मोडले, तर सगळे संघ कमळाकराच्या ओटीवर राहतील आणि त्याच्याच चुलीवर जेवतील."

ठराव एकमताने मंजूर! पनवेलात त्याआधी काही एकमताने झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नव्हतं.

घरी येऊन चंद्रावतीला, म्हणजे आमच्या मंडळींना, हळूच सांगितलं.

"किती माणसं?" तिने विचारलं.

"फार नाहीत. हिंदुस्थानातून जेवढी येतील तेवढीच."

तिने शांतपणे ट्रंक काढली. "मी पेणला माहेरी जाते. भात तुम्ही टाका. भांडं पुरायचं नाही, तळ्याखालीच जाळ घाला."

तिला आठ दिवसांची मुदत मागून मी घरोघर हिंडलो. एकाकडे सुतक होतं, एकाकडे लग्न होतं, आणि एकाकडे दोन्ही होतं! एकाने तर मला बघताच आतून कडी लावली आणि आतूनच ओरडला, "घरात कुणी नाही!"

मग माझ्या डोक्यात वीज चमकली. पनवेल म्हणजे काय नुसता बाजार? आसपासची गावं काय परकी? शिवा दवंडीवाल्याला बोलावलं आणि मजकूर तोंडपाठ करून घेतला, "ऐका हो ऐका! परगावचे धट्टेकट्टे गडी येणार! दोन वेळचं जेवण घालील, त्याच्या घरी आठ दिवस गडी राहतील!"

शिवा हलगी बडवत करंजाडे, सुकापूर, उलवे अशा गावांतून फिरला. दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात ही गर्दी!

"मना चार दे!"

"आमाला धा लागतील!"

माझा ऊर भरून आला. कोण म्हणतं खेड्यात खेळाची कदर नाही? सगळ्यांत पुढे करंजाड्याच्या गोदूबाई. खाडीकाठी त्यांचं मोठं मिठागर. बाई सत्तरीच्या, पण आवाज असा की भरतीसुद्धा विचारून आत येत असावी.

"कमलाकर दादा, गडी जून नाय ना?" त्यांनी विचारलं.

"जून? मावशी, एकेक तरणाबांड!"

"पाठीत उसन-बिसन?"

"अहो, निवडून निवडून घेतलेत!"

"दम कसा हाय?"

"दमाचाच तर सगळा खेळ!"

"नि उन्हात टिकतील का?"

मी थक्क झालो. खेळाची किती बारीक जाण! "टिकतील म्हणजे? भर उन्हातच तर त्यांची परीक्षा!"

"मंग मना सात दे. नि एखादा वरती, कुनी आजारी परला तं."

राखीव गडीसुद्धा ठाऊक! मी कोल्हापूरचा अख्खा संघच त्यांच्या नावावर केला. सगळे संघ तासाभरात खपले. चंद्रावतीने ट्रंक परत माळ्यावर टाकली. दयारामशेटांचा चेहरा भिजल्या पोह्यासारखा झाला.

गडी आले. एस.टी. स्टँडवर बैलगाड्या हजर! हार घालून मी त्यांची रवानगी केली आणि सुखाने झोपलो.

सकाळी तळ्याकाठच्या मैदानात माणसांचा समुद्र. फक्कीच्या रेघा झाल्या, पाहुणे आले, सनई वाजून वाजून थकली. गड्यांचा पत्ता नाही! एकही संघ नाही!

दयारामशेट माझ्या कानाशी येऊन गोड आवाजात म्हणाले, "ठराव लक्षात आहे ना?"

मी सामन्यांच्या कमिटीची सगळी माणसं बैलगाड्यांत कोंबली आणि करंजाड्याकडे सुटलो. माझी फजिती बघायची चुकू नये म्हणून शेटजीही आपणहून गाडीत चढले.

मिठागरावर पोचलो आणि बघतो तर काय! कोल्हापूरचा संघ लंगोट कसून उन्हात उभा! कुणी लाकडी फावड्याने मीठ ओढतोय, कुणी डोक्यावर टोपली घेऊन बांधावरून धावतोय. कप्तान धर्मराज तर दोन टोपल्या एकदम नेत होता.

"अहो धर्मराज! हे काय?"

"काय म्हंजे?" तो घाम पुसत म्हणाला. "आज्जीनं पहाटं उठवून फावडं हातात दिलं. आमी म्हटलं, पनवेलची कसरत असंल! झ्याक हाय! तळपाय कसं घट्ट झालं बघा!"

"मावशी!" मी ओरडलो. "हे गडी खेळायला आलेत!"

गोदूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "खेलाला? एवरं मोठं बाप्ये? तुझा शिवाच बोलला ना, दोन वेलचं जेवान घाला नि गडी घेवा?"

"गडी म्हणजे खेळगडी हो!"

"आमचेकरं गडी म्हंजे कामाचा गडी! खेलतान ती पोरां!"

आता बोला! मी पूर्ण मराठी भाषेच्या वतीने खाली मान घातली.

"बरं, आता सोडा त्यांना. मैदानात लोक खोळंबलेत."

"सोरीन. पन उधान आलंय. खारीचं पानी चरलं तं मीठ जाल पान्यान. मंग वरीसभर मी काय खाऊ, तुजा हुतूतू? ह्यांच्या भरवशावर मी माज्या गड्यांना आठ दिस सुट्टी दिली!"

"ते कुठे आहेत? त्यांना बोलावून आणतो!"

"ते? ते गेलं पनवेलला. हुतूतूचं सामनं बगाला!"

मला आठवलं. मैदानात सगळ्यांत पुढे, पाहुण्यांच्याही पुढे, ऐसपैस मांडी घालून बसलेली ती काळीकभिन्न मंडळी!

"मग उठवतो त्यांना."

"खबरदार! मी शबूद दिलाय. गोदू शबूद फिरवत नाय. तूबी फिरवू नको. गड्याला गडी दे नि तुजं खेलनारं घेऊन जा!"

मी सभोवार पाहिलं. कमिटी मागे सरकत होती. मागे खाडी होती. शेटजी म्हणाले, "मी तर कमिटीत नाही!" पण तोवर गोदूबाईंनी त्यांचे दंड चाचपून पाहिले होते. "खात्यापित्या घरचा दिसतो. हो राखीव!"

सुकापूर, उलवे, जिथे तिथे हीच कथा. कुठे मीठ, कुठे पेंढा, कुठे विहिरीचा गाळ! कमिटी वाटली गेली आणि बदल्यात गडी सुटले. मिठागर सोडताना धर्मराज कुरकुरला, "दुपारी खाडीतल्या जिताड्या माशाचं कालवण हाय म्हणं. जेवूनच गेलो असतो की!"

तेव्हा सामने कसे झाले ते मला विचारू नका. मी पाहिले नाहीत! आठ दिवस वाऱ्यावर टाळ्या ऐकू यायच्या आणि हाताच्या फोडांत मीठ जायचं. बांधाच्या दुसऱ्या टोकाला शेटजी टोपली घेऊन कण्हायचे, "काडीचा खर्च नाही म्हणे!" पण जिताड्याला मात्र त्यांचा उपास नसे. अंतिम सामना मला चंद्रावतीने सांगितला. माझ्या राखीव खुर्चीवर बसून तिने तो पाहिला होता.

पण पनवेलचं नाव झालं! पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, "कमिटीवर एवढा थोडा खर्च करणारं दुसरं गाव आम्ही पाहिलं नाही." पाहणार कसे? कमिटीच त्यांना दिसली नव्हती.

पुढल्या वर्षी मीठ पिकायला लागलं आणि दारात बैलगाडी उभी राहिली. गोदूबाई! मी हरखलो. म्हटलं, बाईंना खेळाची गोडी लागली.

"मावशी, यंदा पण सामने भरवू म्हणता?"

"भरव की! पन मना ते खेलनारं गडी नको," त्या म्हणाल्या. "लई खातात. मना कमिटी दे!"