व्याह्यांचा गुडघा

मशीनच्या बाबतीत माझा हात धरणारा अख्ख्या मुरबाडात सापडायचा नाही! पंखा असो, पाण्याची मोटर असो, मी नुसता समोर उभा राहिलो तरी ती सुतासारखी सरळ होते. (मैना, म्हणजे आमची बायको, हे वाचून हसेल. हसू दे!)

म्हणूनच माझा उजवा खांदा धरला तेव्हा मी चार लोकांसारखा तेल चोळत बसलो नाही. थेट कल्याण गाठलं आणि मसाजचं मशीन घेऊन आलो. दुखऱ्या जागी पट्टा गुंडाळायचा, वायर प्लगात खुपसायची, बटण दाबायचं. घर्रर्र! भारनियमनाचे दिवस होते ते. लाइट रुसलेल्या जावयासारखी यायची नि जायची. तरी तेवढ्यात मी अर्ध्या आळीचे सांधे खिळखिळे, म्हणजे मोकळे, करून दिले होते.

त्याच सुमारास माझ्या थोरल्या भावाच्या, चंदरदादाच्या पोरीला, योगिनीला, बघायला शेणव्याहून पाहुणे यायचं ठरलं. मुलगा मनोज, कारखान्यात नोकरीला. फोटो योगिनीला आवडला होता. ती बोलत नव्हती, पण सकाळपासून आरसा सोडत नव्हती. चंदरदादाच्या येरझाऱ्यांनी अंगणाला वाट पडली होती. आणि मला तर एका जागी बसवेना! कुणाला काहीतरी मदत करावी, म्हणून हात सारखे शिवशिवत होते.

जीप आली. मुलाचे वडील कोंडूभाऊ उतरले. एके काळचे कबड्डीतले वाघ! पायाने गडी टिपण्यात शहापूर तालुक्यात त्यांचं नाव होतं. पण ओटीची पायरी चढताना त्यांनी ओठ दाबला. कुणाला दिसलं नाही, मला दिसलं! बाकीची मंडळी हातपाय धुवायला मागल्या दारी गेली तशी मी त्यांच्या खुर्चीला जाऊन चिकटलो.

"गुडघा ना?"

"हळू बोला!" ते दचकले. "घरात कुनाला म्हाईत नाय. पोराला कललं तर उद्यापासून शेतावं जाऊ देनार नाय मला."

"आपल्याकडं इलाज हाय. कुनाला कलनार पन नाय!"

त्यांच्या ढगळ लेंग्यात मी पट्टा बांधला, वायर खुर्चीमागून प्लगात लावली आणि बटण दाबलं. काहीच नाही. लाइट गेलेली!

"काढा मंग," कोंडूभाऊ म्हणाले. तोवर मंडळी आत आलीच.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या!" ते कुजबुजले. "आता काय बोलू नका. शपथ हाय!"

मी खुर्चीमागे सरकलो; बटण तसंच चालू राहिलं. बोलणी रंगली. भात, नोकरी, कबड्डी. कोंडूभाऊ तर मशीन विसरूनच गेले. योगिनीने पोह्यांच्या बशा आणून स्टुलावर ठेवल्या.

"पाया पड गो," दादा म्हणाला.

ती वाकली आणि लाइट आली!

घर्रर्र! कोंडूभाऊ दचकले आणि त्यांचा तो नामांकित पाय सुटला. स्टूल आडवं, बशा हवेत, पोहे दादाच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर. योगिनी धपकन मागे बसली.

"लाथ?" दादाने सदऱ्यावरचे पोहे झटकले. "माझ्या पोरीला लाथ?"

"मा-मा-मी..." कोंडूभाऊ शेंडीपासून टाचेपर्यंत थरथरत होते. लोकांना वाटलं, संतापाने!

मनोज पांढरा पडला. "बाबा! पोरगी पसंत नाय का तुमाला?"

"हा-हा-हाय!"

"वर हसता?" दादाने बाह्या सरसावल्या. "उठा! चालते व्हा माझ्या घरातून!"

योगिनीचे डोळे भरले. खरं सांगावं तर शपथ, न सांगावं तर पोरीचं लग्न मोडतंय! मी खुर्चीमागून हात घालून बटण दाबलं. बंद व्हायचं सोडून मशीन आणखी पिसाळलं. खुर्ची कोंडूभाऊंना घेऊन दाराकडे निघाली!

"भावोजी, काय चाललंय तुमचं?" मनोजची आई माझ्यावर ओरडली.

योगिनीला मात्र ताणलेली वायर दिसली. तिने डोळे पुसले, उठली आणि वायर उपटली.

सगळं गार.

"काका," ती म्हणाली, "ह्ये तुमचंच ना?"

मी मान खाली घातली. कोंडूभाऊंनीच लेंगा वर सरकवून पट्टा दाखवला. "गुडघा गेलाय माझा," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "तुमा सगल्यांपासून लपवत व्हतो."

मनोज त्यांच्या पायाशी बसला. "आमाला सांगायचं नाय का, बाबा?"

कोंडूभाऊंनी खुर्चीचा हात धरला. उठायला गेले, तर योगिनीने खांदा पुढे केला. तिच्या आधाराने उभे राहत ते म्हणाले, "पोरी, लई लागली काय गो?"

"मला नाय लागली. पोह्यांना लागली."

पहिल्यांदा दादाच हसला. मग कोण थांबतंय! सुपारी त्याच बैठकीत फुटली.

लग्न शेणव्याला थाटात झालं. मुलीचा सख्खा काका म्हणून मी नवा सदरा शिवला, फेटा बांधला. जाताच कोंडूभाऊंनी प्रेमाने हाताला धरून मला माझ्या कामावर नेलं. मांडवापासून लांब, पाहुण्यांच्या जीपा लावायच्या शेतात! जबाबदारीचं काम आहे, असं ते म्हणाले. मलाही तसंच वाटलं. त्या शेतात नजर पोचेल तिथपर्यंत विजेचा एकही खांब नव्हता, हे मला मैनेने परतीच्या वाटेवर सांगितलं.